न खरवडलेलं दार

“नकाशात दार उघडं काढायचं असतं,” असं म्हणून काका ब्लेडने पेन्सिलीला टोक काढायला लागायचे. कुणी विचारलेलं नसायचं. ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हे वाक्य ऐकवायचं, हा त्यांचा नेम होता. मलाही ऐकवलं. मी नुकतीच डिप्लोमा करून आलेली, अंगात जरा जास्तच हुशारी. म्हटलं, “माहितीये.” काका म्हणाले, “माहीत सगळ्यांना असतं,” आणि टोक काढत राहिले.

तुम्ही घराचा नकाशा कधी नीट बघितलाय का? फ्लॅट घेताना सगळेच बघतात, पण हॉल केवढा आणि किचन केवढं तेवढंच. एकदा दारं बघा. प्रत्येक दार उघडं दाखवलेलं असतं. भिंतीत एक फट, फटीच्या कडेला काटकोनात एक रेघ, आणि त्या रेघेच्या टोकापासून भिंतीपर्यंत पाव वर्तुळ. दार फिरायला किती जागा घेतं ते कळावं म्हणून. रिवाज सगळीकडचाच आहे, काकांनी काढलेला नाही. पण ते पाव वर्तुळ काढताना त्यांचं तोंड असं व्हायचं, जणू कुणाला तरी आत घेतायत.

परळला एका आर्किटेक्टचं ऑफिस होतं, तिथे काका ड्राफ्ट्समन. म्हणजे नकाशे हाताने काढणारे. मी तेच काम कम्प्युटरवर करायचे. मी लागले तेव्हा हाताचं काम जवळपास संपलेलं होतं. साहेबांनी काकांकडे दोनच गोष्टी ठेवल्या होत्या. आमची शीटं लाल पेन्सिलीने तपासायची, आणि फायर ब्रिगेडला द्यायचं एक शीट ट्रेसिंग पेपरवर शाईने काढून द्यायचं. ते नंतर स्कॅन होऊन आमच्या शीटांना जोडलं जायचं. त्याची काही गरज नव्हती, पण काकांना ‘घरी बसा’ म्हणायला साहेबांची जीभ रेटत नव्हती, असं मला वाटतं. साहेब माणूस वाईट नव्हते. घाबरट होते. ते मला पटकन ओळखता आलं, कारण मीही तशीच.

ऑफिसात सगळे त्यांना अंकल म्हणायचे. ख्रिश्चन म्हटला की मुंबईत तो अंकलच. मीही म्हटलं, तर म्हणाले, “काका म्हण. येशूला इंग्रजी येत नव्हतं.” मूळचे नगरकडचे. राहायला गिरगावात, खोताच्या वाडीला लागून एका खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी वसईला. वाडीतली लाकडी घरं बघायला लोक येतात, ते काकांना तिथलेच समजून घरासमोर उभं करून फोटो काढायचे. हे शांतपणे उभे राहायचे. फोटो काढून झाला की सांगायचे, “मी नगरचा.”

सकाळी मी आले की ते “जय भीम” म्हणायचे आणि मी “सलाम, काका.” आम्ही बौद्ध, डिलाईल रोडच्या चाळीतले. मराठी ख्रिश्चनांत एकमेकांना सलाम करतात. दोघांनी एकमेकांचं उचललं होतं, आणि त्यात काही विशेष आहे असं दोघांपैकी कुणी कधी बोललं नाही.

आता मुख्य गोष्ट. डबा खाऊन झाला की काका ड्रॉवरमधून ट्रेसिंगची एक जाड गुंडाळी काढायचे. त्यावर ते स्वर्गाचा नकाशा काढत होते. तुमच्या डोळ्यांसमोर ढग आणि पंख आले असतील. तसलं काही नव्हतं. प्लॅन होता, स्केलसकट.

“बायबलच्या शेवटी योहानाला एक शहर दिसतं,” त्यांनी मला सांगितलं. “नवं यरुशलेम. ते वरून खाली येतं. आपण वर जायचं नाही, शहर इथे येतं. लोक उलटं समजून बसलेत.”

“म्हणजे शिफ्टिंग नाही?”

“नाही.”

“भाडं?”

“उल्लेख नाही.”

हे “उल्लेख नाही” म्हणजे काकांचं ठरलेलं उत्तर. जे लिहिलंय ते ते काढणार, जे लिहिलेलं नाही ते मनाने घालणार नाहीत. शहर लांबीला, रुंदीला आणि उंचीलाही सारखं, जवळजवळ सव्वादोन हजार किलोमीटर. आमच्याकडचा एक जण म्हणाला, “अंकल, एवढी उंची? एवढं बांधायला एफएसआय कुणी दिला?” काका म्हणाले, “ज्याची जमीन आहे त्याने.” दुसऱ्याने लिफ्टचं विचारलं. उल्लेख नाही. मी विचारलं सी-व्ह्यूचं, कारण तेव्हा आम्ही वरळीच्या एका टॉवरचं काम करत होतो आणि समुद्र दिसतो की नाही एवढ्यावर साहेबांचा जीव वरखाली होत होता. काका म्हणाले, “समुद्रच नाही. स्पष्ट लिहिलंय.” साहेब तिथून जात होते, ते ऐकून खरंच एक क्षण थांबले.

अडचण भिंतीची होती. शहराला भिंत आहे, एकशे चव्वेचाळीस हात. म्हणजे साधारण पासष्ट मीटर. ती उंची की जाडी हे स्पष्ट नाही, तर काकांनी जाडी धरली. आता सव्वादोन हजार किलोमीटरचं शहर कागदावर बसवायचं तर स्केल घ्यावं लागतं एकास दहा लाख, आणि तरीही ट्रेसिंगचे तीन पट्टे जोडावे लागतात. त्या स्केलला पासष्ट मीटरची भिंत किती येते? मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्यांच्याकडची सगळ्यात बारीक निब त्याहून जाड होती.

“काढताच येत नाही,” काका म्हणाले. महिनाभर ते या भिंतीपाशी अडले होते. पेन्सिलीला टोक काढायचे, कागदावर टेकवायचे, उचलायचे. “जी रेघ काढीन ती खोटी जाड होईल.”

“मग नका काढू.”

“मग दारं कशात बसवू?”

दारं बारा होती. चार बाजूंना तीन-तीन, प्रत्येक दार एका मोत्याचं, आणि कधीही बंद न होणारं. मी म्हटलं, “दारं बंदच व्हायची नाहीत, तर भिंत कशाला मुळात?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी जिना काढताना पायऱ्याच विसरलेय. “दार लावायला भिंत लागते ना, अगं.”

पुढे एकदा, बऱ्याच दिवसांनी, त्यांनी आपण होऊन सांगितलं, “देवदूताच्या हातात मोजायची काठी होती. शहर, दारं, भिंत, तिन्ही मोजायला. शहराचं माप लिहिलंय, भिंतीचं लिहिलंय. दाराचं नाही.” आणि पुढे म्हणाले, “मोजायला गेला होता. मोजून संपलं नसेल.” मग त्यांनी कागदावर दार तीन सेंटिमीटरचं धरलं. मी कॅल्क्युलेटरवर केलं, तीस किलोमीटर. गिरगावातून निघालं तर बोरिवलीपर्यंत एकच दार. काका म्हणाले, “कमीच आहे.”

मी चावट होते. एकदा नेमकं विचारलं, “काका, त्या शहरात म्हणे ज्यांची नावं पुस्तकात आहेत तेच जाणार. आमचं काय? आमच्या चाळीत पण तेच चाललंय, नव्या घराला कोण पात्र आणि कोण अपात्र.” हे मी हसत विचारलं, पण अगदी हसण्यावारी नव्हतं. ते कळायला त्यांना वेळ लागला नाही. पेन्सिल खाली ठेवली.

“यादी माझ्याकडे नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडे फक्त नकाशा आहे.”

आणि त्या शहराचा राजा? सगळ्या शहराच्या मध्ये सिंहासन, त्याखालून नदी निघते, नदीच्या दोन्ही काठांना झाड, महिन्याला एक असं बारा वेळा फळ देणारं, आणि पानं सगळ्या राष्ट्रांच्या औषधाला. सिंहासनावर कोकरा, म्हणजे येशू. “सिंह आहे म्हणून सांगितलं होतं योहानाला,” काका म्हणाले. “त्याने बघितलं तर कोकरा. तोही वधलेला.” मी विचारलं, असल्या राजाचं राज्य चालणार कसं? तर म्हणाले, “तो लोकांचे डोळे पुसतो. स्वतः. त्याला प्यून नाही.”

पुढे आमची चाळ पाडायचं नक्की झालं आणि त्या रिडेव्हलपमेंटचं काम आमच्याच ऑफिसात आलं. साहेब खूश. “अरे वा, आपल्याच घराचा प्लॅन काढायचा!” चाळवाल्यांची बिल्डिंग मागे, विकायचा टॉवर पुढे, रस्त्याला लागून. दोन्हीच्या मध्ये आठ फुटी भिंत, आणि भिंतीत सहा मीटरचं गेट, म्हणजे मागच्यांना पुढून सरळ मोठ्या रस्त्यावर येता येईल. ते गेट मीच काढलं होतं. दोन झडपांचं, म्हणून पाव वर्तुळं दोन.

त्या काळात आईचं डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून दोनदा, परळच्याच हॉस्पिटलात. आम्ही तेव्हा चाळ सोडून लांब ट्रान्झिट कॅम्पात, तात्पुरत्या खोलीत. डायलिसिस झाल्यावर तिच्या अंगात एकटीने बस पकडायचीही ताकद नसायची, म्हणून ती आमच्या ऑफिसात येऊन बसायची, मी सुटेपर्यंत. काका आपली खुर्ची तिला द्यायचे आणि स्वतः स्टुलावर. पहिल्याच दिवशी तिने ती गुंडाळी उलगडायला लावली.

“पाणी किती वाजता येतं?” आईने विचारलं.

“चोवीस तास. सिंहासनाखालून.”

“आणि संडास? कॉमन की घरात?”

काकांनी नकाशावर बोट फिरवून पाहिलं. शेवटी म्हणाले, “उल्लेख नाही.”

“देऊळ कुठाय?”

“देऊळ नाही. लिहिलंय तसं. देव तिथेच राहतो, मग देऊळ कशाला?”

“मग बरंय,” आई म्हणाली. “आमचं काही अडत नाही.”

एके दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. बिल्डरचं म्हणणं आलं होतं. टॉवरमध्ये जागा घेणाऱ्यांना मागची वर्दळ पुढून नको. भिंत सलग करायची, गेट काढून टाकायचं, मागच्यांनी मागच्या गल्लीतून जावं. “सगळ्या शीटवरून काढ,” साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. “तुझं घर आहे, मला कळतंय. पण कामात घर आणायचं नाही.”

मागची गल्ली म्हणजे नाल्याच्या कडेची. वळसा घालून, चौदा पायऱ्या उतरून. डायलिसिस झालेल्या बाईने. मला हे सगळं माहीत होतं, आणि मी जागेवर येऊन दहा शीटांवरून गेट काढून टाकलं. त्याला एकच बटण लागतं. भांडले नाही, रडले नाही, नोकरीची भीती होती म्हणून मुकाट काढलं. लाज वाटली. आजही वाटते.

अकरावं शीट काकांचं, फायरचं. ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही, ब्लेडने हळूहळू खरवडावी लागते. साहेबांनी त्यांनाही सांगितलं. काकांनी मान हलवली, ब्लेड घेतलं.

“तुझं बरंय,” मला म्हणाले. “एक बटण.”

तेवढ्यात आई आली. डायलिसिसचाच दिवस होता. खुर्चीत टेकली, आणि समोरचा कागद बघून म्हणाली, “हे ते तुमचं मोठं शहर नाही वाटतं?”

“नाही. ही तुमची बिल्डिंग.”

ती पुढे वाकली. आपलं घर कुठलं ते तिने बोटाने शोधलं. मग बोट हळूहळू सरकवत भिंतीतल्या त्या फटीपर्यंत आणलं. “आणि इथून मी थेट रस्त्यावर? भावजी, खरं सांगा हां. आता पायऱ्या होत नाहीत मला.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कम्प्युटरमध्ये तोंड घातलं.

“हो,” काका म्हणाले. “इथून थेट रस्त्यावर.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई निर्धास्त डोळे मिटून पडली. काकांनी त्याच ब्लेडने पेन्सिलीला टोक काढलं, जरुरीपेक्षा पुष्कळ वेळ काढलं, आणि ब्लेड ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मोजायची टेप घेऊन कुठेतरी गेले आणि चपला नाल्याच्या चिखलात भरवून परत आले. तेव्हाही मी विचारलं नाही. तपासायची शीटं त्यांच्याचकडे होती, ती त्यांनी सही करून पुढे पाठवली. पस्तीस वर्षांत काकांची सही झालेलं शीट पुन्हा उघडून बघायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

बिल्डिंगा उभ्या राहिल्या, भिंत सलग बांधली गेली, रंगही लागला. शेवटच्या तपासणीला फायर ब्रिगेडचे अधिकारी आले, त्यांनी मंजूर शीट उलगडलं आणि विचारलं, “गेट कुठाय?” गेट असल्याशिवाय पुढचा कागद मिळेना, कागदाशिवाय टॉवरवाल्यांना ताबा देता येईना, आणि शीट बदलून पुन्हा मंजूर करून घ्यायचं तर सहा महिने. बिल्डर साहेबांवर ओरडला, साहेबांनी काकांना बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“काका, हे राहिलं कसं?”

“राहिलं नाही. मी ठेवलं.”

“खरवडायला सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“मागच्या गल्लीतून बंब जात नाही. मी मोजून आलो. दोन मीटर चाळीस.” मग म्हणाले, “आणि बाहेर बसलीय त्या पोरीच्या आईला मी हो म्हटलं होतं.”

साहेबांनी समोरचं शीट गुंडाळून ठेवलं. मग म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.” काका आपल्या टेबलाशी आले, निबा आणि गुंडाळी पिशवीत भरली, ब्लेड कागदात गुंडाळून घेतलं. मी उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं ते “सलाम, काका.” ते म्हणाले, “जय भीम,” रोजच्यासारखंच, आणि गेले. भिंत दोन दिवसांत फोडली.

आम्ही राहायला आलो तेव्हा मी त्यांना घर बघायला बोलावलं. घरात ते शेवटी आले. आधी गेटपाशी थांबून खिशातून टेप काढली, एक टोक मला धरायला लावलं. “पावणेसहा,” ते म्हणाले. “पंचवीस सेंटिमीटर खाल्ले.” मग टेप खिशात टाकून ते गेटमधून बाहेर गेले, पुन्हा आत आले. एकदाच. “ठीक,” म्हणाले. वर आईने चहा केला. “भावजी, आता आमच्याकडे संडास घरात आहे हां,” ती म्हणाली. काकांनी तो आत जाऊन बघितला.

गेल्या वर्षी ते गेले. वसईहून मुलीचा फोन आला, मी आणि आई दोघी दफनाला गेलो. पाळकांनी शहर खाली येण्याचा तोच भाग वाचला. आईने मला कोपराने ढोसलं, “हे आपल्याला माहितीये.” नंतर मुलीने ती गुंडाळी माझ्या हातात दिली. म्हणाली, “तुम्हालाच यातलं कळेल.” घरी येऊन फरशीवर पसरली, पलंग सरकवावा लागला. नदी होती, झाडं होती, मध्ये सिंहासनाचा एक साधा चौकोन. बारा दारं, प्रत्येकाची रेघ आणि पाव वर्तुळ. भिंत नव्हती. शेवटपर्यंत त्यांना तेवढी बारीक रेघ जमली नव्हती, आणि खोटी जाड रेघ त्यांनी काढली नव्हती. कोपऱ्यातल्या चौकटीत ‘काढणार’ पुढे त्यांची सही होती. ‘तपासणार’ पुढे जागा रिकामी.

त्यानंतर महिन्याभराने टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. गेटला त्यांनी मध्यंतरी एकाच झडपेचं लोखंडी दार बसवलं होतं, दुपारी मागची वर्दळ नको म्हणून ओढून घ्यायला. ते वजनाने खाली बसलं होतं आणि जमिनीला घासत घासत शेवटी उघडंच अडकलं होतं. वॉचमनला हलेना. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, तुम्ही त्या लायनीतल्या. एक चांगला वेल्डर बघून द्या, नीट बंद झालं पाहिजे. तुम्हाला तर सगळा प्लॅन माहीत आहे.”

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. तरी म्हटलं, “प्लॅन माहीत आहे म्हणूनच सांगते. प्लॅनमध्ये ते उघडं आहे.”

“अहो, प्लॅनमध्ये सगळीच दारं उघडी असतात!”

“हो ना,” मी म्हटलं. “ओढून घेतलं तर फायर ब्रिगेडला मीच कळवीन. शीट माझ्याकडे आहे.”

ते गेले. वेल्डर आला नाही. काल डायलिसिसवरून आम्ही परत आलो तेव्हा आई माझा हात धरून गेटपाशी दम खायला थांबली. खाली पेव्हर ब्लॉकवर त्या दाराने घासून घासून एक पांढरी रेघ ओढली आहे, भिंतीपासून निघून वळत गेलेली, अगदी पाव वर्तुळ. आईने ती चपलेने चाचपली.

“काढलंन बघ भावजींनी,” ती म्हणाली, आणि आम्ही त्यावरून आत गेलो.